डॉक्टर न होणाऱ्या मुलांना पॅथॉलॉजी: बडोद्यातलं एक सत्र

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विचारणा आली. बडोद्यातल्या एका विज्ञान महाविद्यालयाला एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात ‘मानवी विकृतिशास्त्राची ओळख’, म्हणजे पॅथॉलॉजी, आजाराने ऊतींत काय बिघडतं त्याचा अभ्यास, हा ऐच्छिक विषय सुरू करायचा होता. विद्यार्थी २२. बहुतेक बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी आणि झूऑलॉजीचे. तिघं बायोइन्फर्मॅटिक्सचे, ज्यांचा मायक्रोस्कोपशी संबंध बारावीनंतर सुटलेला. आठवड्याला दोन तास व्याख्यान, दोन तास प्रात्यक्षिक, असे १५ आठवडे. एमबीबीएसच्या मुलांकडे हा विषय येतो तो वर्षभर शरीररचना आणि शरीरक्रिया शिकून झाल्यावर. इथे तो पाया नाही आणि हातात फक्त ६० तास. हो म्हटल्यावर दोन दिवस झोप नीट लागली नाही.

पहिला आराखडा वैद्यकीय अभ्यासक्रम कापून केला होता: प्रत्येक अवयवाला एक तास, त्यात तीन-चार आजार. तो कागदावर छान दिसत होता, पण उपयोगाचा नव्हता. मूत्रपिंडातला ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुंता, कसा दिसतो हेच ज्याने पाहिलं नाही, त्याला त्याचे पाच बिघाड सांगून काय होणार? शेवटी सगळं काढून टाकलं आणि एवढंच ठेवलं: पेशीला होणारी इजा, दाह, जखम भरून येणं, रक्तप्रवाहातले अडथळे, एक आनुवंशिक आजार आणि गाठी. आजार थोडे, पण प्रत्येकाला पुरेसा वेळ.

स्लाइड्स गोळा करताना कागदपत्रांचा भाग आला, आणि सर्वांत जास्त दिवस त्यातच गेले. शहरातल्या एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागाने जुन्या ब्लॉक्समधून (मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्यांतून) पातळ काप देण्याची तयारी दाखवली, पण नैतिकता समितीची परवानगी लागणार होती. ३ जूनला अर्ज दिला, १४ जूनला परत आला. कारण साधं होतं. हेतूच्या रकान्यात ‘शैक्षणिक व संशोधन’ असं सवयीने लिहिलं गेलं होतं. संशोधन म्हटलं की प्रश्नावली वेगळी, संमतीचा मुद्दा वेगळा. संशोधन करायचं नसेल तर तो शब्द अर्जात कुठेही येऊ देऊ नका. दुसऱ्यांदा १८ जूनला दिला. या वेळी स्लाइड्सची यादी, प्रत्येकीचा उगम, ओळख कशी पुसणार आणि शेवटी स्लाइड्स कुठे जाणार, असं चार परिच्छेदांत लिहिलं. हृदयाचे काप शवविच्छेदनातले होते, त्यावर समितीने वेगळा खुलासा मागितला. परवानगी ११ जुलैला हातात पडली. पहिल्या अर्जापासून ३८ दिवस. वर्ग १५ जुलैला सुरू होणार होते, त्यामुळे काप करून रंगवायला चारच दिवस उरले. तुम्ही करणार असाल तर एप्रिलमध्येच अर्ज द्या.

ओळख पुसणं म्हणजे नावाच्या लेबलवर कागद चिकटवणं नव्हे. जुन्या स्लाइडच्या घासलेल्या टोकावर हिरकणीच्या पेन्सिलने बायोप्सी क्रमांक कोरलेला असतो आणि तो क्रमांक रजिस्टरमध्ये थेट माणसापर्यंत जातो. म्हणून जुन्या स्लाइड्स न घेता ब्लॉकमधून नवे काप घेतले आणि त्यांना १ ते २० असे आमचे क्रमांक दिले. कुठला क्रमांक कुठल्या ब्लॉकचा ही यादी रुग्णालयातच राहिली. दोन गोष्टी इथे सांभाळाव्या लागतात. छोट्या बायोप्सीच्या ब्लॉकमधून शिकवण्यासाठी काप घेऊ नयेत, कारण ऊती संपली तर त्या रुग्णाची पुढची तपासणी अडते. काप घ्यावेत ते मोठ्या शस्त्रक्रियेत काढलेल्या अवयवाच्या ब्लॉकमधून. दुसरं, स्लाइड स्कॅन करून संगणकावर दाखवणार असाल तर त्या फाइलच्या आत लेबलचं वेगळं छायाचित्र साठवलेलं असतं. पडद्यावर ते दिसत नाही, पण फाइल उघडणाऱ्याला सापडतं. ते काढून टाकल्याशिवाय फाइल मुलांना देऊ नका.

खर्चाचा हिशेब असा झाला. आठ निरोगी ऊती आणि बारा आजारी, अशा २० स्लाइड्स. दोघांत एक मायक्रोस्कोप म्हणून प्रत्येकीच्या ११ प्रती, एकूण २२०. काप, रंग आणि कव्हरस्लिप धरून स्लाइडमागे ६५ रुपये, म्हणजे १४,३०० रुपये. शंभर खाचांचे तीन डबे १,३५० रुपयांना, सिलिका जेल आणि भिंग पुसायचा कागद ९०० रुपयांचा. सगळे मिळून १६,५५० रुपये.

स्लाइड्स करणारे तंत्रज्ञ दांडिया बाजारातले, मायक्रोटोमवर, म्हणजे काप करायच्या यंत्रावर, हयात घालवलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. यादी वाचून ते म्हणाले, “मॅडम, यांना आधी चांगलं लिव्हर ओळखू द्या. चांगलं कसं असतं तेच ठाऊक नसेल तर बिघडलेलं कशाशी ताडून बघतील?” आराखड्यात निरोगी ऊतींना एकच तास दिला होता. भाऊंच्या बोलण्यावरून त्याची तीन प्रात्यक्षिकं केली, आणि या सत्रातला सर्वांत चांगला निर्णय तोच ठरला.

१८ जुलै, २५ जुलै आणि १ ऑगस्ट या तीन गुरुवारी कुठल्याही आजाराचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. त्वचा, यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड, लहान आतडं, लसीकाग्रंथी, हृदयाचा स्नायू आणि गालाच्या आतलं अस्तर, एवढंच. शिस्तही एकच: स्लाइड आधी पांढऱ्या कागदावर धरून नुसत्या डोळ्यांनी बघायची. ऊतीचा आकार, पोकळी कुठे आहे, कुठला भाग जास्त निळा आहे, हे तिथेच कळतं. मग ४ चं (चौपट मोठं दाखवणारं) भिंग, मग १०, आणि सगळ्यात शेवटी ४०. नवशिक्या थेट ४० वर जातो आणि समुद्राचा एकच थेंब बघून किनारा शोधत बसतो.

पहिल्या दिवशी अकरांपैकी चार मायक्रोस्कोप ‘बिघडले’. १० वर दिसतं, ४० वर काही केल्या स्पष्ट होत नाही. चारही ठिकाणी स्लाइड उलटी लावली होती. ४० चं भिंग ०.१७ मिमी जाडीच्या कव्हरस्लिपसाठी बनवलेलं असतं. मध्ये मिलिमीटरभर काच आली की ते ऊतीपर्यंत पोचतच नाही, आणि जोर केला तर स्लाइड फुटते. आणखी एक सवय सुरुवातीलाच मोडावी लागते: मायक्रोबायोलॉजीकडून आलेली मुलं हमखास तेल घालतात. ४० च्या कोरड्या भिंगाला तेल लागलं की पुढचे सगळे दिवस धुकं दिसतं.

मोजमाप कसं करायचं हेही त्याच दिवशी सांगितलं. आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) १८ किंवा २० असा आकडा लिहिलेला असतो. त्याला भिंगाच्या आकड्याने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. २० भागिले ४० म्हणजे अर्धा मिमी. शिवाय जवळपास प्रत्येक कापात एक पट्टी फुकट मिळते: तांबडी रक्तपेशी, सुमारे सात मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). “हे केंद्रक मोठं आहे” असं कोणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला: “किती तांबड्या पेशींएवढं?”

रंगांच्या बाबतीत मात्र ही मुलं वैद्यकीय विद्यार्थ्यांपेक्षा पुढे निघाली. तुरटीच्या क्षाराबरोबर हिमॅटॉक्सिलिन धन भाराचा रंग बनतो आणि डीएनएच्या फॉस्फेटला धरतो, म्हणून केंद्रक निळं. इओसिन ऋण भाराचा, तो प्रथिनांच्या अमिनो गटांना धरतो, म्हणून पेशीद्रव गुलाबी. दोन मिनिटांत समजलं. खूप प्रथिनं बनवणाऱ्या पेशीचं पेशीद्रव निळसर का, याचं उत्तर एका मुलाने स्वतःच दिलं: तिथे आरएनए भरपूर असतो. जे त्यांना येतं तिथून धागा उचलला की ती भराभर पुढे येतात.

८ ऑगस्टला पहिला आजार: हृदयविकाराचा झटका. या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगली सुरुवात दुसरी नाही, कारण इथे घड्याळ लावून शिकवता येतं. रक्त पूर्ण थांबल्यावर वीस-तीस मिनिटांनी स्नायूपेशी परत न येण्याच्या टप्प्यावर पोचू लागतात. पण साध्या मायक्रोस्कोपखाली पहिले चार तास जवळजवळ काहीच दिसत नाही. मग पेशी गडद गुलाबी होतात, केंद्रकं विरतात. एक ते तीन दिवसांत न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशींची गर्दी. तीन ते सात दिवसांत मॅक्रोफेज या भक्षक पेशी येऊन मेलेलं उचलतात. दुसऱ्या आठवड्यात नव्या केशवाहिन्या, आणि दोन महिन्यांनी पांढरा व्रण. दोन दिवसांची, दहा दिवसांची आणि जुनी, अशा तीन स्लाइड्स नाव न सांगता दिल्या आणि क्रमाने लावायला सांगितलं. जोड्यांनी एकमेकांशी वाद घातला आणि बहुतेकांनी बरोबर लावलं. ट्रोपोनिन हे हृदयस्नायूतलं प्रथिन रक्तात का येतं हे त्यांना पाठ होतं, पण पेशीपटल फाटलं म्हणून आतलं बाहेर आलं, हे त्या दिवशी प्रत्यक्ष दिसलं. मेंदूत असंच रक्त थांबलं तर ऊती पातळ होऊन पोकळी उरते आणि हृदयात पेशींची बाह्यरेषा टिकते, हा फरक २२ ऑगस्टला घेतला.

२९ ऑगस्टचं प्रात्यक्षिक झालंच नाही. २६ तारखेपासूनच्या पावसाने विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली आणि शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर असल्याने वाचली, पण बरेच तास वीज नव्हती आणि बंद खोलीत दमट हवा साचली. परतल्यावर पहिलं काम भिंगं तपासण्याचं केलं. दोन आयपीसच्या आत बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली होती. ती वेळीच काढली नाही तर काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. तेव्हापासून प्रत्येक मायक्रोस्कोपच्या पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवली. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरायचं.

सप्टेंबरात दाह आणि क्षयरोग. गणपतीचे दिवस होते, उपस्थिती थोडी कमी होती, तरी टीबीच्या लसीकाग्रंथीची स्लाइड सगळ्यांनी आवडीने पाहिली. मधोमध दाणेदार गुलाबी चोथा, भोवती चपलेच्या तळव्यासारख्या लांबट केंद्रकांच्या एपिथेलिऑइड पेशी, कडेला लिम्फोसाइट्स, आणि घोड्याच्या नालासारखी केंद्रकं मांडलेली महाकाय पेशी. ही लांघान्सची पेशी. त्वचेतली लँगरहान्सची वेगळी आणि स्वादुपिंडातली लँगरहान्सची बेटंही वेगळी. ही गल्लत परीक्षेपर्यंत टिकते, म्हणून तिन्ही नावं एकाच दिवशी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.

इथेच वर्णनाचा नियम पक्का केला. वहीत आजाराचं नाव शेवटच्या ओळीत. त्याआधी चार ओळी: ऊती कुठली, नेहमीचं काय जागेवर आहे, नवीन काय आलं आहे, आणि काय नाहीसं झालं आहे. चौथी ओळ सगळ्यांना जड गेली, कारण नसलेलं दिसायला निरोगी ऊती डोळ्यांत बसलेली असावी लागते. बायोइन्फर्मॅटिक्सच्या एकाने गाठीच्या स्लाइडखाली ‘टीपी ५३ म्युटेशन’, म्हणजे त्या नावाच्या जनुकातला बदल, असं लिहिलं होतं. तो चुकीचा विचार करत नव्हता, पण काचेवर म्युटेशन दिसत नाही. मोठं, गडद, वेडंवाकडं केंद्रक दिसतं. आधी दिसलेलं लिहायचं, कारण नंतर. त्याच्याशी यावर अर्धा तास बोलणं झालं आणि पुढे त्याच्याच वह्या सर्वांत नेमक्या झाल्या.

कापातले दोष रोगासारखे भासतात, हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. ऊतीला पडलेली घडी म्हणजे गडद पट्टा, डीपीएक्समधला (कव्हरस्लिप चिकटवायच्या द्रवातला) हवेचा बुडबुडा म्हणजे ‘पोकळी’, बोथट पात्याने पडलेल्या समांतर चिरा म्हणजे ‘तंतू’, आणि ऊती टिकवायचं फॉर्मॅलिन आम्लधर्मी झाल्यामुळे रक्ताच्या जागी साचलेले काळपट कण म्हणजे ‘कार्बन’. चार आठवडे मुलं हे सगळं प्रामाणिकपणे आजार म्हणून रेखाटत होती. पुढच्या वेळी टाकाऊ स्लाइड्सचा एक डबा दुसऱ्याच आठवड्यात द्यायचा.

१९ सप्टेंबरला रुग्णालयाच्या ग्रॉसिंगच्या खोलीत, म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेले अवयव तपासून कापतात तिथे, भेट. अकरा-अकराच्या दोन तुकड्या. सूचना आदल्या दिवशीच दिल्या: पोटभर नाश्ता करून यायचं, बंद बूट घालायचे, गरगरलं तर लाज न बाळगता जागच्या जागी खाली बसायचं. फॉर्मॅलिनमधल्या फॉर्मॅल्डिहाइडची नोंद कर्करोगकारक पदार्थांत आहे, म्हणून एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही. मुलांनी काही हाताळायचं नव्हतं, तरी पुढे या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस आताच सुरू करायला सांगितलं. तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांवर असतात, त्यामुळे ऐन वेळी धावून उपयोग नसतो.

फॉर्मॅलिनचं गणित सगळ्या बायोकेमिस्टांनी सारखंच चुकवलं. १० टक्के फॉर्मॅलिन एक लिटर करा म्हटल्यावर बाजारातल्या द्रावणात फॉर्मॅल्डिहाइड ३७ टक्के असतं, त्यावरून हिशेब करून २७० मिलि घेतलं. पण इथे ‘१० टक्के’ म्हणजे बाजारातल्या द्रावणाचा दहावा भाग: १०० मिलि द्रावण, ९०० मिलि पाणी, त्यात ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. प्रत्यक्षात फॉर्मॅल्डिहाइड चारच टक्के भरतं. ऊतीच्या दसपट द्रावण हवं आणि काप ३ ते ५ मिमीहून जाड नको, कारण फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिमी आत शिरतं. अख्खं पित्ताशय न उघडता बरणीत टाकलं तर आतलं अस्तर पित्तातच विरघळून जातं.

‘बायोप्सीच्या रिपोर्टला इतके दिवस का लागतात’ हा प्रश्न इथे सुटला. मोठ्या अवयवाला फॉर्मॅलिनमध्ये मुरायला निदान एक दिवस. मग रात्रभर ७० टक्क्यांपासून शुद्ध अल्कोहोलपर्यंत पाणी काढणं, झायलीनने अल्कोहोल काढणं, ६० अंशांच्या आसपास वितळलेलं मेण भरणं. सकाळी ब्लॉक, बर्फावर गार करून ३-४ मायक्रॉनचे काप, ४५ अंशांच्या पाण्यावर सुरकुती न पडता तरंगवून काचेवर, मग रंग. एक पायरी घाईने उरकली तर पुढची कुठलीच ती चूक भरून काढू शकत नाही. अल्कोहोलमध्ये पाणी राहिलं की मेण शिरत नाही आणि ब्लॉकच्या मधोमध खड्डा पडतो. भाऊंनी असा एक फसलेला ब्लॉक जपून ठेवला होता, तो हातात घेऊन पाहिल्यावर वेगळं समजवावं लागलं नाही.

३ ऑक्टोबरला सिकल सेल, हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. त्याच दिवशी घटस्थापना होती. बडोद्यात नवरात्रात मुलं पहाटेपर्यंत गरब्याला असतात, म्हणून प्रात्यक्षिक दुपारी घेतलं आणि पुढच्या गुरुवारचं रद्दच केलं. विषय मुद्दाम निवडलेला. शेजारच्या छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, आणि वर्गातल्या दोघी तिथल्याच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, डीएनएत जीएजीचं जीटीजी, हे सगळ्यांना येत होतं. त्यापुढे काय होतं ते विचारल्यावर शांतता. मग प्लीहेची (पांथरीची) स्लाइड: ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या काड्या होतात, पेशी ताठरतात, बारीक वाहिन्या तुंबतात. असं वर्षानुवर्षं होत राहतं आणि प्लीहा आक्रसून व्रणाचा गोळा उरते, त्यात लोह आणि कॅल्शियमचे डाग. अशा मुलाला न्यूमोकॉकस या जंतूचा धोका का जास्त, हे आता त्यांनीच सांगितलं. एका अक्षराच्या बदलापासून तापाने फणफणलेल्या लेकरापर्यंतचा हा रस्ता दाखवता येतो, म्हणूनच हा विषय विज्ञानाच्या मुलांना शिकवायचा. त्या दोघींपैकी एक तास संपल्यावर बराच वेळ मायक्रोस्कोपपाशीच बसून होती.

१७ आणि २४ ऑक्टोबर गाठींसाठी. तोंडाचा कर्करोग घेतला. सुपारी, मावा आणि तंबाखू इथल्या प्रत्येक नाक्यावर मिळतात आणि सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे वर्गातल्या निम्म्यांना नवीन होतं. गालाचं निरोगी अस्तर जुलैतच पाहिलेलं, त्यामुळे ऊतीत खोल घुसलेली पेशींची बेटं आणि त्यातले कांद्याच्या पापुद्र्यांसारखे केराटिनचे (नखा-केसांतल्या प्रथिनाचे) मोती न सांगता सापडले. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडली आणि स्टेज म्हणजे रोग किती पसरला, हा फरक दोनदा सांगावा लागतो.

याच सुमारास एका मुलीने घरातल्या कोणाचा तरी रिपोर्ट आणला आणि अर्थ विचारला. हा प्रसंग येणारच, त्यासाठी आधी तयार असायला हवं होतं. ओळ न् ओळ वाचून शब्दांचे अर्थ सांगितले, पुढे काय होईल यावर काहीही बोललं गेलं नाही, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न तिच्यासोबत बसून लिहून काढले. घरचे रिपोर्ट भर वर्गात उघडायचे नाहीत, तासानंतर एकट्याने यायचं, हा नियम आता पहिल्याच दिवशी सांगायचा.

दिवाळीनंतर दोन उजळण्या आणि २५ नोव्हेंबरला परीक्षा. दहा स्थानकं, प्रत्येकी तीन मिनिटं, दहा गुण. सहा गुण वर्णनाला, दोन निष्कर्षाला, दोन कारणाला. दहांपैकी दोन स्लाइड्स निरोगी ठेवल्या होत्या, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच झाल्या: सात जणांनी निरोगी लसीकाग्रंथीत आजार शोधून काढला. तीन मिनिटं कमी पडली, चार हवीत.

६ डिसेंबरला स्लाइड्स रुग्णालयाला परत केल्या. २२० नेल्या होत्या, २१७ परत आल्या. फुटलेल्या तिघींचे क्रमांक रजिस्टरमध्ये लिहिले: २, ७ आणि १४. भाऊंनी डबे उघडून एकेक खाच मोजली, सही केली, आणि सातव्या क्रमांकाचा ब्लॉक पुढच्या वर्षीच्या कापांसाठी बाजूला काढून ठेवला.